दीड हजार आणि हाताला काम

द्राक्षाच्या हंगामात नाशिकजवळच्या गिरणारे गावात सकाळीच मजूर बाजार भरतो. पेठ-हरसूलकडून जीपगाड्या येतात, भाकरीचं फडकं घेऊन बायामाणसं रस्त्याकडेला उभी राहतात आणि तिथंच रोजाचा भाव ठरतो. 2024च्या जुलैपासून बायकांच्या खात्यावर महिन्याला दीड हजार देणारी राज्याची 'लाडकी बहीण' योजना लागू झाली, तेव्हापासून बागायतदारांच्या तोंडी एकच तक्रार आहे: पैसे घरबसल्या मिळतात, बाया कामाला येईनात.

ही तक्रार उडवून लावता येणार नाही. विरळणीचे दिवस मोजके असतात. टोळी चार दिवस उशिरा आली तर घडात मण्यांची दाटी होते आणि निर्यातीचा माल हातचा जातो. कर्ज काढून दोन एकर बाग उभी केलेल्या माणसाच्या जिवाला घोर लागणारच.

पण हिशेब मांडून पाहा. महिन्याला 1,500 म्हणजे दिवसाला 50 रुपये. रोजगार हमीचा 2025-26चा दर 312 रुपये; म्हणजे महिन्याचा हप्ता पाच दिवसांच्या मजुरीलाही पुरत नाही. एवढ्यावर कुणाची चूल चालत नाही. मात्र किराण्याची उधारी फिटली की बाई भावासाठी अडून राहू शकते, तापाने फणफणलेलं लेकरू घरी टाकून जात नाही, मुकादमाकडून उचल घ्यायची टाळते. माझ्या मते या योजनेचा सगळ्यात मोठा गुण तोच आहे. मध्य प्रदेशात 'सेवा' संस्थेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत दरमहा रोख रक्कम देऊन पाहिली, तेव्हा काम घटलं नाही. लोक स्वतःच्या शेतात जास्त राबू लागले.

शिवाय सातबारा नावावर असलेल्याला पीएम किसानचे 6,000 आणि राज्याच्या नमो योजनेचे 6,000 वर्षाला मिळतात. त्याने शेतकरी आळशी झाला, असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. भूमिहीन मजुराच्या घराला यातला रुपयाही नाही. तिथल्या बाईच्या खात्यावर थेट पैसे आले, याचं मोल मला मोठं वाटतं.

आता दुसरं पारडं. 2025-26च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी 36,000 कोटी ठेवले होते. मे 2025 मध्ये आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय विभागांचा निधी तिच्याकडे वळवला, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. सुरगाण्याच्या आदिवासी बाईला दीड हजार द्यायचे आणि तिच्या लेकीच्या आश्रमशाळेच्या खात्यातला पैसा काढायचा, हे मला मुळीच पटत नाही.

हाताला काम हाही आधारच, आणि काम मागणाऱ्याला काम देण्याची वाट याच राज्याने देशाला दाखवली. 1972च्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि शहरातल्या नोकरदारांनी व्यवसाय कर भरून तिला पैसा पुरवला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे देशभरच्या रोजगार हमीच्या, जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस 100चे 125 झाले, पण शेतीच्या हंगामात 60 दिवस कामं थांबवायची तरतूद आली आणि 40 टक्के खर्च राज्यावर पडला. म्हणजे ज्या दिवसांत मजूर बाईला भाव मागता येतो, त्याच दिवसांत तिचा दुसरा आधार काढून घेता येईल.

म्हणून राज्याचा पैसा कुठे जातो, हे आता जास्त महत्त्वाचं आहे. दीड हजार बंद करू नयेत. पण निवडणुकीत कबूल केलेले 2,100 द्यायचे, तर दोन कोटी महिला धरल्या तरी वर्षाला 14,400 कोटी जास्त लागतील. त्या पैशावर पहिला हक्क गावातल्या कामाचा आणि वेळेवर मिळणाऱ्या मजुरीचा असावा. सुरगाणा-पेठेत पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, सगळं पाणी घाट उतरून जातं आणि एप्रिलमध्ये त्याच पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. सरकारने बंधाऱ्यांची कामं तिथे आधी काढावीत.