हाडांना ओझं हवं, पण हंड्याचं नको

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा पाण्यात उतरून व्यायाम करा, हा सल्ला पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून आता बुलढाण्यापर्यंत पोचला आहे. उन्हाळा लागला की ज्या जिल्ह्यातली गावं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, खारपाणपट्ट्यातल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथं तो थट्टेसारखा वाटणारच. पण तलाव नाही एवढ्यावरून तो सल्ला मोडीत काढण्यात अर्थ नाही. माझं म्हणणं असं, की गावोगाव तलाव असते तरी हाडांपुरता हा उपाय दुय्यमच ठरला असता.

हाड वरून दगडासारखं दिसलं तरी आत सतत डागडुजी चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड खातात, दुसऱ्या नवं भरतात. खाणाऱ्यांना लगाम घालण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. पाळी थांबली की तो लगाम सैल होतो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. पाश्चात्त्य देशांत पाळी जाण्याचं वय ५१ च्या आसपास येतं, आपल्याकडे सरासरी ४६-४७ लाच. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले, तर तो लगाम एका दिवसात सुटतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा या बाजूची चर्चा फारशी झालीच नाही. आता भरणाऱ्या पेशींना कामाला कोण लावतं? भार. बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्येच हे मांडलं होतं, की हाड पेललेल्या भाराप्रमाणे घडत जातं. अंतराळात भारच नसतो, म्हणून अंतराळवीरांच्या कमरेची-मांडीची हाडं महिन्याला एक टक्क्याच्या आसपास झिजतात. पाणी हेच सौम्यपणे करतं. साठ किलोची बाई छातीइतक्या पाण्यात उभी राहिली, की पावलांवर जेमतेम वीस किलो उरतात. गुडघ्यांना हे सुख आहे, हाडांना मात्र सुट्टी.

यावर आक्षेप येईल, की संशोधन तर पाण्याच्या बाजूनं आहे. काही अंशी आहेच. ब्राझीलमध्ये पाळी गेलेल्या १०८ स्त्रियांवर २४ आठवडे झालेल्या प्रयोगात पाण्यातल्या जोरकस व्यायामाचा फायदा दिसला, पडणंही कमी झालं. २०१७ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातून निघालं ते असं: काहीच न करण्यापेक्षा पाणी बरं, पण जमिनीवरचा व्यायाम त्याहून सरस. गुडघे धरलेल्या, पडण्याची धास्ती घेतलेल्या बाईला पाण्यात सुरुवात करणं सोपं जातं, आणि त्यासाठी पोहता यावं लागत नाही. (पाठीला सुके भोपळे बांधून विहिरीत पोरांना पोहायला शिकवायचे, त्या रांगेत आज पंचावन्नच्या असलेल्या किती जणी होत्या, हे वेगळं सांगायला नको.) दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्रयोगात हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटानं आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली.

मग खरा प्रश्न समोर येतो, आणि तो इथल्या बायकाच विचारतील: आम्ही जन्मभर ओझीच वाहिली, मग आमची कंबर का गेली? चुंबळीवर पंधरा लिटरचा हंडा, कमरेला कळशी, वर सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. याहून जड व्यायाम तो कोणता? प्रश्न रास्त आहे. पण हाडाला एकसुरी काम फार काळ जागं ठेवत नाही. थोडा वेळ, नेहमीपेक्षा जास्त, वेगवेगळ्या दिशांनी आलेला भार आणि मधे विसावा, यांना ते उत्तर देतं. दिवसभर एकाच चालीनं वाकून निंदण करणं म्हणजे थकवा पुष्कळ आणि चेतना थोडी. शिवाय पुढं वाकून वजन उचलणं ही तर विरळ झालेल्या मणक्यासाठी सगळ्यांत वाईट स्थिती. मणका आवाज न करता पुढून चेपतो आणि घरचे म्हणतात, वयानं पोक आलं. डोक्यावरच्या हंड्याचा भार मानेवर बसतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांनी मान-पाठीच्या दुखण्याच्याच तक्रारी सांगितल्या होत्या. आणि भरणाऱ्या पेशींना माल कुठून मिळणार? पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर सांगतं. जवारीच्या शंभर ग्रॅम पिठात ते तीस मिलिग्रॅमही नसतं. घरातलं दूध पोरांच्या आणि चहाच्या वाट्याला जातं. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, ते उन्हातून मिळतं. ऊन रग्गड आहे, पण वेचणीला जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट आणि डोक्या-तोंडाला रुमाल, मग ऊन कातडीला लागायचं कुठं? कॅल्शियम देणारे तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला याच घरांत पूर्वापार आहेत. ते बाईच्या ताटात रोज पडायला हवेत.

तलावाऐवजी काय, तर आरोग्य उपकेंद्रांच्या नावापुढं आता आयुष्मान आरोग्य मंदिर लागलं आहे आणि तिथं योगाची सत्रंही घ्यायची असतात. त्यातलाच अर्धा तास, आठवड्यातून दोनदा, या वयाच्या बायकांना द्यावा: हात न टेकता खाटेवरून उठणं, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलून दणकन टेकवणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं, आणि पाठ सरळ ठेवून धान्याची पिशवी उचलायला शिकणं, वजन हळूहळू वाढवत. ज्यांचं मनगट वा मणका आधीच मोडला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. कामानं मोडलेल्या बाईला हे आणखी एक काम, असंही कोणी म्हणेल. म्हणूनच ते मजुरीनंतर रात्री ठेवून चालणार नाही, आणि ते कधी घ्यायचं हे बचत गटातल्या बायकांनीच ठरवावं. अडचण वेळेपेक्षा नोंदवहीची जास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईची मुलाखत होते ती १५ ते ४९ वयापर्यंत. हाडं झिजू लागतात आणि ती मोजणीतून बाहेर पडते.

राहिला प्रश्न हंड्याच्या ओझ्याचा. २०१९ पासून जलजीवन मिशनमधून घरोघर नळ देणं चालू आहे. तो नळ जिथं आला, तिथंही पुष्कळदा तोटी जमिनीपासून हातभरच उंच असते. हंडा खाली ठेवायचा, भरला की कमरेतून वाकून उचलायचा. जो भार मणका चेपतो, नेमका तोच. तोटी कमरेच्या वर घ्यावी आणि खाली हंडा टेकण्यापुरता ओटा बांधावा. दहा-पंधरा विटा आणि घमेलंभर सिमेंट पुरतं.