निवृत्तांचे आजारपण आणि विम्याची पुरवणी

सेवानिवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन कर्मचाऱ्याला निरोप दिला जातो. त्याआधीचे काही महिने भविष्यनिर्वाह निधी, उपदान, शिल्लक रजेचे पैसे आणि निवृत्तिवेतनाची अंशविक्री यांचे हिशेब करण्यात जातात. एकेक रुपया तपासला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि या हिशेबात एक हक्क गुपचूप संपतो, त्याची नोंद कोणी घेत नाही. राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्याला १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांनुसार उपचारांच्या खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. निवृत्त होताच सर्वसाधारण कर्मचाऱ्याचा हा हक्क संपुष्टात येतो. शरीर ज्या वयात कुरकुरू लागते, नेमक्या त्याच वयात डोक्यावरचे छत्र काढून घेतले जाते. मग ओळखीचा विमा प्रतिनिधी जी पॉलिसी पुढे करील, तिच्यावर सही होते. पुढील वीस वर्षांचा निर्णय असा वीस मिनिटांत उरकतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत तर या प्रश्नाला आणखी एक परिमाण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाले. कोळसा, कागद आणि वीज यांचे कारखाने बहुतांशी चंद्रपूरकडे राहिले, तर घनदाट अरण्याचा मोठा भाग गडचिरोलीकडे गेला. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी दोन्हीकडचा माणूस आजही नागपूरचा रस्ता धरतो. चंद्रपूरहून हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. सिरोंच्याच्या निवृत्त शिक्षकाला आपल्या जिल्ह्याचे ठिकाण गाठण्यासाठीच सुमारे दोनशे किलोमीटर जावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. म्हणजे येथील आजारपणाच्या खर्चाला चार बाजू आहेत : रुग्णालयाचे बिल, वाहनाचे भाडे, सोबत आलेल्या नातलगाचा परगावी राहण्याचा खर्च आणि दरमहाची औषधे. बाजारातील बहुतेक आरोग्यविमा यांपैकी पहिली बाजूच प्रामुख्याने सांभाळतो. निवडीचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू झाला पाहिजे.

पुरवणी म्हणजे मुळात जे आहे, त्यातील उणीव भरून काढणे. तेव्हा मुळात काय आहे, हे आधी पाहिले पाहिजे. भद्रावतीच्या आयुध निर्माणीतील किंवा टपाल खात्यातील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकाला केंद्र सरकारची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएस, उपलब्ध आहे. या योजनेच्या कक्षेबाहेरच्या गावी राहणाऱ्याला दरमहा १,००० रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता मिळू शकतो. हा दर १ जुलै २०१७ पासूनचा आहे. येथे खरी निवड करावी लागते. बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण असे दोन्ही उपचार सीजीएचएसमधून घ्यावेत, की बाह्यरुग्ण उपचारांसाठी भत्ता घेऊन रुग्णालयातील उपचारांसाठी सीजीएचएसचे कार्ड ठेवावे, की नुसता भत्ताच घ्यावा? रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी दरमहा दूरच्या शहरातील केंद्रावर जाणे व्यवहार्य नाही, म्हणून येथील बहुतेकांना दुसरा पर्याय श्रेयस्कर ठरावा. कार्डाची आजीव वर्गणी दहा वर्षांच्या अंशदानाइतकी असते. खालच्या वेतनस्तरांना ती ३०,००० रुपये पडते. एवढी रक्कम वाचविण्यासाठी नुसता भत्ता पत्करणे म्हणजे छप्पर विकून छत्री घेण्यासारखे आहे.

राज्याच्या निवृत्तांसाठी शासनाने २०१४ मध्ये वैद्यकीय विमाछत्र योजना आणली. तीत हप्ता निवृत्ताने स्वतः भरायचा असतो. परंतु सामूहिक विम्यात जोखीम अनेकांत विभागली जाते, हा तिचा मोठा गुण आहे. कोळसा खाणींतील कामगारांसाठी कोल इंडियाची निवृत्तिपश्चात अंशदायी योजना आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली किमान पाच वर्षे नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगारासाठी तर नियमांनी वर्षाला अवघी १२० रुपये वर्गणी ठेवली, आणि तीत पती-पत्नी दोघांचीही वैद्यकीय सेवा येते. इतका स्वस्त हक्क बाजारात कोठेही विकत मिळणार नाही. पण तो मागावा लागतो, आणि न मागणाऱ्याला तो आपण होऊन मिळत नाही.

याखेरीज सार्वत्रिक योजना आहेत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालू राहिली, आणि २०२३ च्या निर्णयानुसार तिचा लाभ राज्यातील सर्व कुटुंबांना वार्षिक पाच लाखांपर्यंत खुला झाला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत घेण्यात आले. मात्र सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या योजनेचा सभासद असलेल्याला दोहोंपैकी एकच निवडावे लागते. खाजगी विमा किंवा राज्य विमा असलेल्याला ही अट नाही. मोफत कार्ड मिळते म्हणून जुना हक्क सोडण्याआधी हा भेद नीट समजून घेतला पाहिजे.

एवढे झाल्यावर बाजाराकडे वळावे. तेथे मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, पहिल्या रुपयापासून बिल भरणारी मूळ पॉलिसी. वृद्धापकाळी तिचा हप्ता सर्वांत जड असतो. दुसरा, ठरावीक वजावटीच्या वरचा खर्च उचलणारा टॉप-अप. यात एक फसवा बारकावा आहे. साध्या टॉप-अपमध्ये वजावट प्रत्येक दाव्याला स्वतंत्र लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये ती वर्षाच्या एकूण खर्चाला एकदाच लागते. समजा, वजावट तीन लाखांची आहे आणि एकाच वर्षात दोन-दोन लाखांची दोन आजारपणे झाली. साधा टॉप-अप एक पैसाही देणार नाही. सुपर टॉप-अप एक लाख देईल. नावात एका शब्दाचा फरक असला, तरी व्यवहारात तो लाखाचा आहे. तिसरा प्रकार रुग्णालयातील मुक्कामासाठी रोज ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसीचा. बिल कितीही होवो, हाती रोख येते. शहरवासीयाला ती क्षुल्लक वाटेल. नागपुरात आठ दिवस काढणाऱ्या अहेरीच्या कुटुंबाला मात्र भाड्याचा आणि जेवणाचा आधार देणारी बाजारातील ही जवळजवळ एकमेव सोय आहे.

ही बाजारपेठ वृद्धांना प्रतिकूल का असते, याचे उत्तर अर्थशास्त्राने दिले आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमके हेच उदाहरण घेतले होते. आपल्या प्रकृतीची माहिती विमेदारास असते, विमा कंपनीस नसते. हप्ता वाढला की निरोगी माणसे बाहेर पडतात, आजारी तेवढी उरतात, आणि हप्ता पुन्हा वाढतो. म्हणूनच अमेरिकेने १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर कायदा केला. त्यातील उणिवा भरणाऱ्या खाजगी पॉलिसींचा गोंधळ पुढे इतका वाढला, की १९९० च्या कायद्याने त्यांचे ठरावीक नमुने आखून द्यावे लागले. आपल्याकडे १९८६ मध्ये मेडिक्लेम आले, पण आरोग्य संजीवनी ही समान अटींची पॉलिसी यायला २०२० साल उजाडले. १ एप्रिल २०२४ पासून नियामकाने वयाची अट हटविली आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरील जीएसटीही गेला. या सुधारणा स्वागतार्ह आहेत. परंतु प्रवेशाचे दार उघडले म्हणजे आतले भाडे परवडेलच असे नाही. २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यातील वाढीला नियामकाच्या पूर्वसंमतीविना वर्षाला दहा टक्क्यांची मर्यादा घातली गेली. दरवर्षी दहा टक्के वाढ झाली, तर आज ३०,००० असलेला हप्ता आठ वर्षांत ६४,००० च्या वर जातो. ज्याचे निवृत्तिवेतन महागाई भत्त्याशी निगडित नाही, तो हप्ता भरणे सोडतो. आणि बहुधा गरज सर्वाधिक असते, तेव्हाच सोडतो.

यातून निवडीचा क्रम स्पष्ट होतो. नोकरीने दिलेला हक्क प्रथम पदरात पाडून घ्यावा, आणि पतीच्या पश्चात पत्नीला तो कसा चालू राहील, हे लेखी विचारून घ्यावे. दुसरे, उपदानातील काही रक्कम बँकेत केवळ आजारपणासाठी निराळी ठेवावी. औषधे आणि प्रवास तिच्यातूनच भागतील, आणि सुपर टॉप-अपची वजावटही तिच्यातूनच भरता येईल. तिसरे, सुपर टॉप-अप निवृत्तीनंतर नव्हे, तर तीन-चार वर्षे आधी घ्यावा, म्हणजे प्रतीक्षाकाळ नोकरीतच सरतो. मुळात कोणताच हक्क नसेल, तरच मोठ्या हप्त्याच्या मूळ पॉलिसीचा विचार करावा. प्रस्तावात मधुमेह वा रक्तदाब लपवू नये. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी नेमका समोर उभा राहतो.

तथापि सगळा भार व्यक्तीच्या शहाणपणावर टाकणे न्यायाचे नाही. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार करणाऱ्या कार्यालयाने, संबंधित कर्मचाऱ्याला कोणकोणते वैद्यकीय हक्क लागू आहेत, त्यांची मुदत काय आणि कोणता पर्याय पुन्हा बदलता येत नाही, याचे एक पान निवृत्तीच्या सहा महिने आधी त्याच्या हाती ठेवावे. यासाठी नवा कायदा नको. एक परिपत्रक पुरे. विमाछत्रासारख्या सामूहिक योजनांत नियमित औषधांचा आणि दूरच्या प्रवासाचा अंतर्भाव करणे हे दुसरे पाऊल ठरेल.

तिसरी गोष्ट विम्याच्या पलीकडची आहे. विमा बिल भरतो, तो डॉक्टर निर्माण करीत नाही. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, गडचिरोलीलाही ते आले आहे. या संस्थांतील तज्ज्ञांची पदे भरली गेली आणि तेथे हृदयविकाराचे व कर्करोगाचे उपचार नियमित होऊ लागले, तर नागपूरचा रस्ता तेवढाच कमी चालावा लागेल. ज्या तेंदूपाने तोडणाऱ्या मजुराला निवृत्तीच ठाऊक नाही, त्यालाही तेच रुग्णालय लागते. तेव्हा सेवानिवृत्तांच्या संघटनांनी महागाई भत्त्याच्या थकबाकीइतक्याच आग्रहाने जिल्ह्यातील रिक्त वैद्यकीय पदांचा प्रश्न लावून धरला पाहिजे. पॉलिसी कितीही विचारपूर्वक निवडली, तरी ती वापरायला जवळ रुग्णालय हवे.