आठवण म्हणजे अंधारबाव नव्हे

पन्हाळ्यावर तीन दरवाजाच्या शेजारी अंधारबाव आहे. गडावर गेलेल्यांनी पाहिली असेलच. बाहेरून साधी इमारत दिसते, आत पायऱ्या उतरत गेलं की तळाशी विहीर. वर वेढा पडो नाहीतर काही होवो, खालचं पाणी सुरक्षित राहावं म्हणून केलेलं बांधकाम.

आपल्यातल्या बहुतेकांना स्वतःची स्मरणशक्ती साधारण अशीच वाटते. वरवर विसर पडला असेल, पण तळाशी सगळं जसंच्या तसं साठलेलं आहे. कुणीतरी हात धरून पायऱ्या उतरवल्या की झालं, निर्मळ पाणी वर येणार! ही कल्पना चुकीची आहे. आता, नुसती चुकीची असती तर मी सुट्टीची सकाळ घालवून लिहायला बसले नसते. पण ती माणसं मोडते. आणि सगळ्यात जास्त मोडते ती जिथे सगळ्यात प्रेमानं वापरली जाते तिथे, म्हणजे लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्यांच्या सपोर्ट ग्रुप्समध्ये आणि त्यांची नक्कल करणाऱ्या 'हीलिंग' शिबिरांमध्ये.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. असे अत्याचार होतात, भरपूर होतात, आणि 'चांगल्या घरांत' होतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सांगितला. करणारे जवळपास निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातले. आणि बहुतेक मुलांनी तोपर्यंत कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा. मुलं विसरली नव्हती. त्यांनी सांगितलं नव्हतं. आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम विसरण्याचा नाहीच मुळी, न बोलण्याचा आहे. काकानं काय केलं ते मुलीला लख्ख आठवत असतं, पण 'घराण्याची अब्रू', 'आईला काय वाटेल', 'बाबांना अटॅक येईल' यात ते तीस वर्षं घशात अडकून राहतं. १९९६ साली दिल्लीत 'राही' सुरू झाली, २००६ साली मुंबईत 'अर्पण' सुरू झाली, पिंकी विराणींचं 'बिटर चॉकलेट' २००० साली आलं. या सगळ्यांनी जी कोंडी फोडली ती बोलण्याची. सपोर्ट ग्रुपचं मोठेपण यातच आहे. जे आठवतंय ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हणायला एक खोली मिळते, आणि समोरचा 'तुझाच काहीतरी गैरसमज झाला असेल' असं म्हणत नाही.

गडबड सुरू होते ती त्याच खोलीत कुणीतरी 'तुला अजून आठवलेलं नाही, पण आठवेल' असं म्हणायला लागतं तेव्हा.

माझ्या ओळखीतली एक मुलगी, आमच्याच क्षेत्रातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्न मोडलं होतं, झोप येत नव्हती, कामात लक्ष नव्हतं. कुणीतरी सुचवलं म्हणून पन्हाळ्याजवळच्या एका रिसॉर्टमधल्या दोन दिवसांच्या शिबिराला गेली. पहिल्या संध्याकाळी दोघी-तिघींनी आपापले अनुभव सांगितले. त्या कधीच विसरल्या नव्हत्या. ऐकून ही रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी फॅसिलिटेटरनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. लहान व्हा, जुन्या घरात शिरा, कुठल्या खोलीत जायला भीती वाटते? तिथे कोण आहे? हिला आजोळचं माजघर दिसलं. मग एक हात दिसला. 'कुणाचा आहे?' असं दोन-तीनदा विचारल्यावर तो मामाचा झाला. दुपारपर्यंत 'दिसलं'चं 'आठवलं' झालं, सगळ्यांनी मिठ्या मारल्या, धीराचं कौतुक झालं. सोमवारी तिनं आईला फोन केला.

तेव्हापासून आई आणि मामा यांचं बोलणं बंद आहे. आजीच्या दिवसांनाही दोघं एकत्र आले नाहीत. ती म्हणते, काही रात्री पक्की खात्री वाटते, काही रात्री अजिबात नाही. ही शंका तिनं ग्रुपमध्ये बोलून दाखवली तर उत्तर मिळालं की हे 'डिनायल' आहे, सगळ्यांना होतं. मामानं काही केलं की नाही, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. आणि आता कदाचित कधीच कळणार नाही. त्या शिबिरानं तिला दिलं ते हे.

आता जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघा. झोप लागत नाही? लक्षण. जास्त झोपता? लक्षण. चिडता, वजन वाढलं, नात्यात विश्वास वाटत नाही? लक्षणं. आठवत असेल तर झालंय हे नक्की. आठवत नसेल तर इतकं भयंकर झालंय की मनानं दडपून टाकलं. शंका आली तर डिनायल. कुठलाही इनपुट द्या, उत्तर एकच. अशी टेस्ट केस कुणी रिव्ह्यूला आणली तर आपण हसून परत पाठवू. प्रत्येक वेळी पास होणारी टेस्ट ही टेस्ट नसतेच.

शिवाय आठवण म्हणजे रीड-ओन्ली फाइल नाही. दर वेळी आठवताना आपण ती तुकड्यांतून परत जुळवतो, आणि जुळवताना आजूबाजूचं काहीबाही त्यात शिरतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांचा १९९५ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. २४ जणांना त्यांच्या लहानपणचे तीन खरे प्रसंग आणि चौथा बनावट (मॉलमध्ये हरवल्याचा) घरच्यांच्या हवाल्यानं सांगितला. त्यातल्या ६ जणांना न घडलेला प्रसंग पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. तेही मिठ्या नाहीत, रडारड नाही, डोळे मिटणं नाही. एखाद्या गोष्टीची नुसती कल्पना करायला लावली तरी ती घडली असावी असं लोकांना जास्त वाटू लागतं, हेही प्रयोगांतून दिसलेलं आहे. शिबिरात तर हे सगळं एकत्र वाढलेलं असतं.

अमेरिकेत हा सिनेमा आधीच होऊन गेलाय. १९८८ साली 'द करेज टू हील' हे पुस्तक आलं. नीट आठवत नसलं तरी झालं असावं असं वाटत असेल तर बहुधा झालंच आहे, असा त्याचा सूर होता. त्यानंतरच्या दशकात थेरपीत आणि ग्रुप्समध्ये हजारो लोकांना दडलेल्या आठवणी 'सापडल्या'. कॅलिफोर्नियात एका बापाला मुलीला वीस वर्षांनी झालेल्या आठवणीवरून १९९० साली खुनासाठी दोषी ठरवलं. १९९५ मध्ये तो निकाल रद्द झाला, १९९६ मध्ये तो सुटला. मिसुरीत चर्चच्या समुपदेशकाकडे जाणाऱ्या एका तरुणीला वडिलांनी बलात्कार केल्याचं, गर्भपात झाल्याचं आठवू लागलं. वैद्यकीय तपासणीत यातलं काहीच शक्य नसल्याचं निघालं. वडील धर्मगुरू होते, त्यांची नोकरी तोवर गेली होती. १९९६ साली १० लाख डॉलरवर तडजोड झाली. तिकडे शहाणपण आलं ते कोर्टकचेऱ्या होऊन. आपण तेच 'इनर चाइल्ड' आणि 'रिग्रेशन' अशा नव्या पाट्या लावून आयात करतोय.

आयात तरी कशाला म्हणा. ही पद्धत आपल्याला नवी थोडीच आहे? घरात कुणी आजारी पडलं की देवऋषी आधी विचारतो, भावकीत कुणाशी वाकडं आहे का? मग करणी करणाऱ्याचं नाव घरच्यांच्याच तोंडून निघतं आणि सगळ्यांना वाटतं की देवऋषीला कळलं. या प्रकारांवर आपण यथेच्छ हसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २०१३ मधल्या खुनानंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा आपल्याला अभिमान आहे. पण तोच प्रश्न एसी हॉलमध्ये, योगा मॅटवर, इंग्रजीत विचारला की आपण फी भरून उत्तर देतो!

विज्ञानाचा शिक्का असला तरी फरक पडत नाही, हे पुण्यानं पाहिलंय. जून २००८ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं एका तरुणीला खुनासाठी जन्मठेप दिली. पुराव्यात 'बीईओएस' नावाची मेंदूची चाचणी होती. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूला ती गोष्ट नुसती 'माहीत' आहे की त्यानं ती 'अनुभवली' आहे हे यंत्र सांगणार, असा दावा. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं अशा चाचण्या शास्त्रीय नाहीत असा निष्कर्ष काढला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग सक्तीनं करायला मनाई केली. ऐकलेलं, कल्पिलेलं आणि भोगलेलं यांत फरक करणारं खात्रीचं यंत्र अजून कुणाकडे नाही. मग दोन दिवसांचा कोर्स केलेल्या फॅसिलिटेटरला तो नुसता चेहरा बघून कसा कळतो?

आता आक्षेप. पहिला: लोक खरंच विसरत नाहीत का? विसरतात. लिंडा विल्यम्स यांनी १९९४ साली १२९ बायकांचा अभ्यास छापला. लहानपणच्या अत्याचाराची हॉस्पिटलात नोंद असलेल्या या बायकांपैकी ३८ टक्के जणींनी १७ वर्षांनी तो प्रसंग सांगितला नाही. काही विसरल्या असतील, काहींनी सांगायचं टाळलं असेल. म्हणजे नंतर आठवलं म्हणून ते खोटं, असं म्हणता येत नाही. पण २००७ चा एल्के गेरार्ट्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघा. कायम लक्षात असलेल्या आठवणींपैकी ४५ टक्क्यांना बाहेरून दुजोरा मिळाला. थेरपीबाहेर आपसूक आठवलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना. आणि थेरपीत सुचवून काढलेल्यांपैकी एकालाही नाही. हा शेवटचा गट लहान होता, तरी फरक कुठे आहे ते दिसतं. प्रश्न आठवण उशिरा आली याचा नाही, ती कशी आली याचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: असं लिहिलं की गुन्हेगारांचं फावतं. भीती खरी आहे. अमेरिकेतलं 'फॉल्स मेमरी सिंड्रोम फाउंडेशन' १९९२ साली काढलं ते आरोप झालेल्या पालकांनीच, आणि २०१९ साली ते बंद होईपर्यंत त्याचे शब्द कित्येक खऱ्या पीडितांच्या तोंडावर मारले गेले. पण फायदा कोणाला होतो ते नीट बघा. गंभीर गुन्ह्यांना आपल्या कायद्यात मुदत नाही. पॉक्सोखालची तक्रार कुठल्याही वयात करता येते, हे २०१८ साली सरकारनंही स्पष्ट केलंय. उद्या एखादी धीर करून कोर्टात उभी राहिली तर बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारेल: हे तुम्हाला कधी आठवलं, कुणी विचारल्यावर, डोळे मिटून का? लॉगमध्ये कुणी हात घातला हे एकदा सिद्ध झालं की खरी एन्ट्रीसुद्धा बाद होते. शिबिरात 'खणलेली' आठवण गुन्हेगाराच्या वकिलाला फुकटात मिळालेला मुद्दा आहे. आणि ज्या दोघी-तिघी कधीच काही विसरल्या नव्हत्या, त्यांचं बोलणंही त्याच एका रांगेत जाऊन बसतं.

त्यामुळे ग्रुप चालवणाऱ्यांकडून माझी अपेक्षा साधी आहे. डोळे मिटवून घर फिरवणं बंद करा. संमोहन, रिग्रेशन बंद. 'कोण होतं?' असं विचारू नका, 'पुढे सांगायचंय का?' एवढंच विचारा. कुणाला काही नव्यानं आठवलं तर इतरांशी बोलण्याआधी ते तारखेसह तिच्याच शब्दांत लिहून ठेवायला सांगा. शंका घेणाऱ्याला डिनायलचं लेबल लावू नका. त्रास मोठा असेल तर सायकिअॅट्रिस्टकडे किंवा रीतसर नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. आज एखाद्या मुलावर अत्याचार होतोय असं कळलं तर चर्चा नको, सरळ १०९८ किंवा पोलीस. पॉक्सोनुसार कळवणं सक्तीचंच आहे.

आणि शिबिराला जाणाऱ्यांना: झोप न लागण्याला कारण असायलाच हवं, आणि ते लहानपणातच असायला हवं, असं काही नाही. दुःख खरं असायला गुन्हेगार सापडावाच लागत नाही. 'मला माहीत नाही' हे उत्तर अवघड आहे, पण ते घेऊन जगता येतं, उपचारही होतात.

जिला सगळं आठवतं, तिचं ऐका. जिला आठवत नाही, तिला आठवायला लावू नका.