विश्लेषण : रेंज रोव्हर स्पोर्ट की पोर्शे कायेन? शोरूमची किंमत सारखी, मग हिशेब कुठे बदलतो?

आलिशान ‘स्पोर्ट’ एसयूव्ही घ्यायची आणि खिशात साधारण दीड कोटीची तयारी आहे, अशा ग्राहकाच्या यादीत शेवटी दोन नावे हमखास उरतात : रेंज रोव्हर स्पोर्ट आणि पोर्शे कायेन. दोन्ही गाड्यांत तीन लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मिळते. दोन्ही शून्यावरून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आसपास गाठतात. लांबीतला फरक दोन सेंटीमीटरही नाही. त्यामुळे चर्चा बहुतेक वेळा अश्वशक्ती आणि दिसण्यावर अडकते. महाराष्ट्रात मात्र या दोन गाड्यांमधला खरा फरक परिवहन खात्याचा कर, पावसाळा आणि गाडी कोण चालवणार, या तीन गोष्टींत आहे.

एक पुण्याची, दुसरी ब्रातिस्लाव्हाची

कायेन २००२ मध्ये बाजारात आली. आज ती स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथील कारखान्यात तयार होते आणि पूर्ण तयार गाडी म्हणून भारतात आयात होते. रेंज रोव्हर स्पोर्टची पहिली पिढी २००५ ची, सध्याची तिसरी पिढी २०२२ ची. ही गाडी इंग्लंडमधील सोलिहल येथे बनते. पण मे २०२४ मध्ये जग्वार लँड रोव्हरने तिची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा केली. तोपर्यंत रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट भारतात सोलिहलहूनच येत होत्या.

या निर्णयाचा परिणाम किमतीवर लगेच दिसला. रेंज रोव्हर स्पोर्टची सुरुवातीची किंमत १.६९ कोटींवरून १.४० कोटींवर आली. कारण सीमाशुल्काची रचना. महागडी तयार गाडी आणली, तर आयातशुल्काचा बोजा शंभर टक्क्यांच्या वर जातो. तीच गाडी सुट्या भागांच्या संचात आणून इथे जोडली, तर मूळ शुल्क १५ टक्के. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवून आणला, तर ३५ टक्के. कायेनचे नवे रूप २०२३ मध्ये १.३६ कोटींना आले होते. म्हणजे आयात गाडी अजूनही स्पर्धेत आहे, पण त्या पैशात मिळणारी कायेन ही अगदी प्राथमिक कायेन असते. पोर्शेच्या बाबतीत मूळ किंमत ही सुरुवात असते. एअर सस्पेन्शन, मागच्या चाकांचे स्टिअरिंग, स्पोर्ट क्रोनो पॅकेज हे सगळे वेगळे पैसे मोजून घ्यावे लागते, आणि विक्रेत्याच्या संगणकावर पर्याय निवडत गेले की आकडा कधी फुगला हे कळत नाही. रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये एअर सस्पेन्शन मुळातच असते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि उपकर मिळून असलेला ५० टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला. तो दोन्ही गाड्यांना सारखाच लागू असल्याने निवडीत त्याने काही बदलत नाही.

दहा लाखांचा फरक कुठून येतो?

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, २० लाखांहून महाग पेट्रोल गाडीला एकरकमी वाहनकर १३ टक्के, डिझेलला १५ टक्के आहे. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावर नोंदवलेल्या गाडीला मात्र सरसकट २० टक्के. पूर्वी या कराला २० लाखांची कमाल मर्यादा होती. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली.

हिशेबाच्या सोयीसाठी दोन्ही गाड्यांची किंमत १.४० कोटी धरू. पुण्यात जुळलेल्या पेट्रोल रेंज रोव्हर स्पोर्टवर कर होतो १८ लाख २० हजार. आयात झालेल्या कायेनवर २८ लाख. फरक ९ लाख ८० हजारांचा. जुन्या मर्यादेत कायेनचा कर २० लाखांवर थांबला असता आणि फरक जेमतेम १ लाख ८० हजार राहिला असता. म्हणजे मर्यादा वाढवण्याच्या एका निर्णयाने या दोन गाड्यांमध्ये एका चांगल्या हॅचबॅकएवढे अंतर पाडले. शोरूममध्ये फक्त मूळ किमतीची तुलना करणाऱ्याला हे अंतर दिसतच नाही. ऑन-रोड किमतीचा कागद दोन्हीकडून लेखी घेतला तरच ते दिसते.

यात एक मेख आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली की रेंज रोव्हरलाही २० टक्केच कर लागतो आणि पुण्यातल्या जुळणीचा हा फायदा संपतो. अनेक व्यावसायिक घसारा मिळतो म्हणून कंपनीच्या नावाचा आग्रह धरतात. प्राप्तिकरात मोटारीवर साधारण १५ टक्के घसारा मिळतो हे खरे. पण अशा प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट सहसा मिळत नाही. त्यामुळे वाहनकरातला जादा सात टक्क्यांचा खर्च आणि घसाऱ्यातून होणारी बचत, हे दोन्ही आकडे सनदी लेखापालाकडून शेजारी शेजारी मांडून घेतलेले बरे.

कर वाचवण्यासाठी दुसऱ्या राज्यात नोंदणी करण्याचा ‘सल्ला’ही मिळतो. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवली तर इथला नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्यानुसार बंधनकारक आहे. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातात दोघांचा बळी घेणारी पोर्शे (ती कायेन नव्हती, टायकन होती) कायमस्वरूपी नोंदणीशिवायच रस्त्यावर धावत होती. दोन टनांची आणि सहा सेकंदांत शंभर गाठणारी गाडी दारात आणणाऱ्याने नोंदणीचा कागद आणि किल्ली कोणाच्या हातात जाते, या दोन्ही गोष्टी किरकोळ समजू नयेत.

पाणी, खड्डे आणि वळण

रेंज रोव्हर स्पोर्टची पाण्यातून जाण्याची क्षमता ९०० मिलिमीटर सांगितली जाते. कायेनची साधारण अर्धा मीटर. मिलन सबवे, हिंदमाता किंवा पावसाळ्यातला सिंहगड रस्ता माहीत असलेल्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. तरीही ९०० मिलिमीटर ही सावकाश, स्थिर पाण्यातून जाण्याची मर्यादा आहे. वाहत्या पाण्यात गाडी घालण्याचा परवाना नव्हे. शिवाय इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा धरले जात नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे वेगळे कवच घ्यावे लागते. एवढ्या महागड्या इंजिनासाठी ते टाळणे म्हणजे नसती काटकसर.

खड्ड्यांच्या बाबतीत दोन्ही गाड्यांना एकच नियम : चाके लहान घ्यावीत. २२ इंची चाक फोटोत छान दिसते, पण टायरची कड तितकी पातळ होते आणि खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. ज्या रस्त्यांवर रात्री खड्डा दिसत नाही, तिथे उपलब्ध असलेले सर्वांत लहान चाकच शहाणपणाचे.

वळणावर कायेनचे पारडे जड आहे. ती रेंज रोव्हर स्पोर्टपेक्षा सुमारे अडीचशे किलोंनी हलकी आहे आणि घाटात ते जाणवते. ताम्हिणी किंवा आंबेनळी घाट स्वतः चालवत उतरण्याची ज्याला आवड आहे, त्याला रेंज रोव्हर मऊ आणि थोडी जड वाटेल. शहरातल्या पार्किंगमध्ये मात्र चारही चाके वळणारी रेंज रोव्हर स्पोर्ट सुमारे ११ मीटरच्या वर्तुळात वळते. ही सोय निवडलेल्या मॉडेलमध्ये आहे का, हे बुकिंगपूर्वी तपासावे.

समृद्धी महामार्गावर कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. तिथे दोन्ही गाड्यांची अर्धी ताकद झोपलेलीच असते. महिन्यात अनेकदा नागपूर-मुंबई करणाऱ्याला मात्र ७०० न्यूटन मीटरचे डिझेल इंजिन उपयोगाचे ठरते आणि ते फक्त रेंज रोव्हर स्पोर्टमध्ये आहे. पोर्शेने २०१८ मध्येच डिझेलला रामराम केला.

मग कायेन का घ्यावी?

दोन कारणांसाठी. पहिले, मालक स्वतः चालवणार असेल तर. दुसरे, बिघाडांबाबतची ख्याती. अमेरिकेतील जे. डी. पॉवरच्या विश्वासार्हतेच्या पाहण्यांत लँड रोव्हर वर्षानुवर्षे तळाकडे राहिली आहे, तर पोर्शेची कामगिरी तिच्याहून सरस आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचे उत्पादन काही आठवडे ठप्प झाले होते. जुळणी पुण्यात असली तरी संच इंग्लंडहून येतो, याची ती आठवण होती. कोल्हापूर, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ग्राहकाने दोन्ही कंपन्यांना सरळ विचारावे : अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर, सुटा भाग आला नाही तर बदली गाडी मिळते का, आणि वाढीव वॉरंटी किती वर्षांची?

मागच्या सीटवर बसणारा मालक, चालक नोकरीवर, वैयक्तिक नावावर नोंदणी आणि मुंबई-पुण्याचा पावसाळा, हे महाराष्ट्रातले नेहमीचे चित्र असेल, तर रेंज रोव्हर स्पोर्ट पैशांच्या हिशेबात स्पष्ट पुढे आहे. मात्र तिच्यासोबत वाढीव वॉरंटी घ्यायलाच हवी.

थांबावे का?

ब्रिटनशी मुक्त व्यापार करारावर जुलै २०२५ मध्ये स्वाक्षऱ्या झाल्या. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली. दोन्हींत ठरावीक कोट्यापुरते मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याची तरतूद आहे. ब्रातिस्लाव्हा युरोपीय संघात असल्याने कायेनला याचा लाभ होऊ शकतो. पण कोट्यातल्या किती गाड्या कोणत्या कंपनीच्या वाट्याला येतात आणि कंपनी शुल्कातली बचत किमतीत किती उतरवते, यावर ग्राहकाचा फायदा अवलंबून आहे. शुल्क उतरले तरी महाराष्ट्रातला आयात गाडीचा २० टक्के वाहनकर या करारांमुळे बदलत नाही.