एनसीसीचा गणवेश कोणाच्या पैशातून?

१/ प्रजासत्ताक दिनी एनसीसीची तुकडी कर्तव्यपथावरून जाते, टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो. या तुकडीमागे मात्र शंभर वर्षांहून जुना एक वाद उभा आहे. तरुणांच्या शिस्तीवर जनतेचा पैसा का खर्च व्हावा, आणि त्याचा लाभ कोणाच्या मुलांना मिळावा? इतिहासात या प्रश्नांची उत्तरे सापडतात. #थ्रेड

२/ पूर्वपीठिका वसाहतकालीन आहे. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची चणचण भासू लागली, तेव्हा १९१७ मध्ये विद्यापीठांतून सैनिकी पथके उभी राहिली. १९२० मध्ये त्यांचे ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ झाले. स्कॉटिश चर्च कॉलेजात शिकणाऱ्या सुभाषचंद्र बोस यांनी पहिले लष्करी धडे अशाच पथकात गिरवले. सरकारचा हेतू एक होता. तरुणांनी त्यातून घेतले ते दुसरेच.

३/ १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, नव्या राष्ट्रीय संघटनेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष सेनापती नव्हते. ते होते पंडित हृदयनाथ कुंझरू: गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे तत्कालीन अध्यक्ष आणि स्काउट चळवळीतील जुने कार्यकर्ते. ही निवड अर्थपूर्ण होती. तरुणांच्या कवायतीकडे येथे प्रथमच नागरिक घडवण्याचे साधन म्हणून पाहिले जाणार होते.

४/ समितीचा अहवाल मार्च १९४७ मध्ये आला आणि १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना कायदा झाला. त्यातील एक तरतूद प्रत्येक टीकाकाराने वाचावी अशी आहे. केवळ छात्रसेनेचा सदस्य आहे म्हणून कोणावरही प्रत्यक्ष सैनिकी सेवेचे बंधन येत नाही, असे ती सांगते. म्हणजे हा भरतीचा मागचा दरवाजा नव्हे, ही ग्वाही कायद्यातच आहे.

५/ मुलींचा विभाग १९४९ मध्ये सुरू झाला. वैद्यकीय व परिचर्या शाखा सोडल्यास भारतीय लष्कराने स्त्रियांना अधिकारी म्हणून स्वीकारले ते १९९२ मध्ये, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली २०२२ मध्ये. लष्कराने जे चार दशकांनंतर मान्य केले, ते शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर कधीच सुरू झाले होते. सार्वजनिक खर्चाचे समर्थन करण्यास हे एक उदाहरणही पुरेसे ठरावे.

६/ आता अपयशाचे पान. चीन युद्धाच्या धक्क्यानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. संख्या फुगली, दर्जा घसरला. जानेवारी १९६८ मध्ये तमिळनाडू विधानसभेच्या भाषाविषयक ठरावात एनसीसीतील हिंदी आज्ञाशब्दही वादाचा विषय ठरले. त्याच वर्षी सक्ती संपली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली आणि विद्यार्थ्यांपुढे दुसरा मार्ग खुला झाला. बोध स्पष्ट आहे: शिस्त लादली की तिची केवळ हजेरी उरते.

७/ १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रांनी नागरी संरक्षण, वाहतूक नियंत्रण आणि दारूगोळा कारखान्यांना साहाय्य अशी कामे केली. विशेष म्हणजे त्यानंतर अभ्यासक्रम बदलला. ‘संरक्षणाची दुसरी फळी’ ही कल्पना मागे पडली आणि नेतृत्वगुणांना प्राधान्य मिळाले. २०२० मध्ये करोनाकाळात ‘योगदान’ मोहिमेखाली छात्र प्रशासनाच्या मदतीला उतरले, ते याच परंपरेतून.

८/ समाजाला यातून काय मिळते? शिबिरातला दिनक्रम पाहावा. वेगवेगळ्या गावांची, जातींची आणि भाषांची मुले एकाच राहुटीत झोपतात, एकाच पंगतीत जेवतात. एखाद्या शेतमजुराची मुलगी तुकडीची प्रमुख होते आणि डॉक्टरचा मुलगा तिची आज्ञा पाळतो. आपला समाज असे प्रसंग सहसा घडू देत नाही. शिकवणी वर्गात ते घडत नाहीत, गृहसंकुलांच्या कुंपणाआड तर नाहीतच.

९/ आक्षेप असा की गणवेश आणि संचलन यांतून युद्धप्रेम रुजते. विसाव्या शतकातील युरोपने तरुण संघटनांचा जो भीषण वापर पाहिला, तो ध्यानात घेता हा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्या संघटना एका पक्षाच्या होत्या आणि एका नेत्याला बांधलेल्या होत्या. कवायत गणराज्याची आहे की पक्षाची, हे अखेर तिचा खर्च कोण करतो आणि ती कोणाला उत्तरदायी आहे यावरच ठरते. म्हणूनच तिजोरीचा प्रश्न हा तत्त्वाचाही प्रश्न आहे.

१०/ आणि खरा पेच येथेच आहे. एनसीसीचा खर्च केंद्र आणि राज्ये वाटून घेतात. १९४८ मध्ये सुमारे २० हजार छात्र होते. आज मंजूर संख्या २० लाखांच्या घरात आहे. तरीही मागणी मोठी आहे. त्यावर उपाय म्हणून ‘स्वयंअर्थसहाय्यित’ योजना आली: खर्च संस्थेने उचलावा आणि पथक मिळवावे. श्रीमंत खाजगी शाळेला हे परवडते. आदिवासी तालुक्यातील आश्रमशाळेला, जिल्हा परिषदेच्या शाळेला ते कसे परवडावे?

११/ ब्रिटनने हा धडा उशिरा घेतला. तेथे शालेय छात्रपथके दीर्घकाळ मुख्यतः महागड्या खाजगी शाळांची मिरास होती. २०१२ पासून सरकारी शाळांत पथके काढण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला, आणि २०१५ मध्ये त्यासाठी बँकांच्या ‘लायबोर’ घोटाळ्यातील दंडाच्या रकमेतून ५ कोटी पौंड देण्याचे ठरले. ज्यांच्यापाशी आधीच सर्व काही आहे त्यांना आणखी एक संधी देणे हे सार्वजनिक धोरण नव्हे, ही जाणीव त्यामागे होती.

१२/ भारतातही दिशा दिसते. २०२० मध्ये सीमावर्ती व किनारी जिल्ह्यांसाठी १ लाख छात्रांचा विस्तार जाहीर झाला, त्यात एक तृतीयांश मुली. हाच निकष पुढे न्यावा. नवे पथक देताना पहिला हक्क सरकारी आणि ग्रामीण शाळांचा असावा, त्यांचा खर्च तिजोरीतून व्हावा आणि सहभाग ऐच्छिकच राहावा.

१३/ गोखल्यांच्या संस्थेत घडलेल्या एका समाजसेवकाने या संघटनेचा पाया घातला. ऐपत पाहून गणवेश वाटायचा असेल, तर तो पाया आपणच उखडत आहोत. संचलनात सारे एका रांगेत दिसतात. त्या रांगेत उभे राहण्याची संधीही सर्वांना सारखी मिळावी, एवढेच गणराज्याकडे मागणे आहे.