तपासणीचा उंबरठा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटाने 8 कामगारांचा बळी घेतला, तेव्हा चौकशीची मागणी सर्वत्र झाली, आणि ती न्याय्यच होती. परंतु याच भंडारा जिल्ह्यात ज्या स्त्रिया मांडीवर सूप घेऊन, तेंदूपत्ता कात्रीने कापून, त्यात तंबाखू भरून दिवसभर विड्या वळतात, आणि ज्यांच्या छातीत तंबाखूची धूळ बिनबोभाट उतरते, त्यांच्या दारी आरोग्य निरीक्षक कधी येणार? 1966 च्या विडी कामगारांविषयीच्या कायद्याने घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. ती जिथे विड्या वळते त्याच खोलीत लेकरू निजते, चूलही तिथेच पेटते. म्हणून सरकारने तिची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा घरपोच करावी आणि खर्च कारखानदाराकडून वसूल करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.