माघार नव्हे, पवित्रा!

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज दसऱ्याच्या उत्सवात पालखीतून निघतात, तेव्हा पोलीस दल त्यांना सशस्त्र मानवंदना देते. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली ही प्रथा रोहेकरांच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो असावाच. पण मानवंदनेसाठी उंचावलेले हेच शस्त्र प्रसंग ओढवल्यावर कसे चालवले जाईल, हा प्रश्न रोह्यात किंवा पेणमध्ये कोणी विचारतो काय? शस्त्रपूजा वर्षातून एकदा होते. शस्त्राच्या सरावाचे काय?

हा प्रश्न रिकामटेकडा नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ जीव गेले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या नौकेत एके-४७ बंदुका सापडल्या. त्या नौकेचा घातपाताशी संबंध नसल्याचे सरकारने सांगितले, हे सुदैव! सुदैव म्हणजे सुरक्षा नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलीस निरीक्षक शशांक शिंदे धारातीर्थी पडले. रेल्वे सुरक्षा दलाच्या जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याची जुनाट थ्री-नॉट-थ्री रायफल हाती घेऊन अतिरेक्यांना तोंड दिले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी उघड्या हातांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली. या वीरांपुढे मस्तक नम्र होते. परंतु त्यांच्या बलिदानाचे पोवाडे गाऊन व्यवस्थेला आपले दारिद्र्य झाकता येणार नाही. राम प्रधान समितीने काडतुसांच्या टंचाईमुळे पोलिसांचा गोळीबाराचा सराव खुंटल्याकडे बोट दाखवले होते. शिपायाला छातीचा कोट करायला सांगायचे आणि काडतुसे मात्र मोजून द्यायची, हा कुठला न्याय?

सराव म्हणजे तरी काय? पाय रोवून, स्थिर लक्ष्यावर नेम धरणे ही झाली बाराखडी. खरा हल्लेखोर लाकडी फळीसारखा उभा राहत नाही. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की सुरा घेऊन धावणारा माणूस २१ फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. तेवढ्या अवधीत कमरेचे पिस्तूल जेमतेम बाहेर येते. म्हणून पिस्तूल काढता काढता हलले पाहिजे, अंतर राखले पाहिजे. सरळ मागे हटणारा अडखळतो, आणि पुढे धावणारा त्याच्याहून वेगवान असतो. तेव्हा तिरपे सरकावे. गुडघे किंचित वाकलेले, पावले आखूड, नजर हल्लेखोरावर, नळी सुरक्षित दिशेला आणि गोळी झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापाबाहेर. भिंत, खांब, मोटारीच्या इंजिनाची बाजू, जो भक्कम आडोसा प्रथम मिळेल तो गाठावा. हल्लेखोरामागे निरपराध माणसे असतील तर गोळी झाडू नये. हे सारे आधी रिकाम्या शस्त्राने आणि मग प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चांदमारीच्या मैदानावरच घोटले पाहिजे. पुस्तक वाचून ते अंगी येत नाही.

यावर काही वीरबाहू म्हणतील, ‘मागे सरणे हा पळपुटेपणा!’ त्यांनी इतिहास उघडावा. १६६० मध्ये शिवराय पन्हाळ्याहून निसटून विशाळगडी पोहोचले, म्हणून पुढचे स्वराज्य उभे राहिले. १६६१ मध्ये खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत मावळ्यांनी झाडीचा आडोसा घेऊन कारतलबखानाला शरण आणले. अंतर आणि आडोसा ही भित्र्यांची साधने असतील, तर गनिमी काव्याला आपण काय म्हणणार?

कायदाही हाच विवेक शिकवतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा अधिकार आहे, पण आवश्यकतेहून अधिक इजा करण्याची मुभा नाही. संकटात सापडलेल्या नागरिकाने भेकडासारखे पळावे अशी अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शनसिंग खटल्यात स्पष्ट केले. त्याचबरोबर हा अधिकार सूड उगवण्यासाठी नाही, हेही बजावले. अंतर राखून हलणाऱ्याला हल्लेखोर थांबला की नाही हे पाहण्याची उसंत मिळते. जागीच खिळलेला माणूस भीतीपोटी गोळ्या झाडत सुटतो. परवानाधारकांनीही हे ध्यानी घ्यावे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली आहे. ती कागदापुरती उरू नये.

आमची मागणी साधी आहे. पेण आणि रोहा ठाण्यांतील प्रत्येक सशस्त्र पोलिसाला पुरेशी काडतुसे, नियमित चांदमारी आणि हालचाल करीत गोळीबाराचे शिक्षण मिळालेच पाहिजे. लोकप्रतिनिधींना हा प्रश्न विचारणे हे आपले, नागरिकांचे, कर्तव्य आहे. हुतात्म्यांची स्मारके आपण पुष्कळ उभारली. आता कर्तव्य बजावून सुखरूप घरी परतणारे शिपाई घडवू या!